मीठ चवीपुरतं, पाणी अंदाजे

मोहरी तडतडली नाही तर पुढं काय करायचं, हे कुठल्याही पाककृतीत लिहिलेलं नसतं. ‘तेल तापवून मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करावी’ एवढं सांगून कृती पुढच्या ओळीला निघून जाते. ओट्यापाशी मात्र गाडी तिथंच अडलेली असते. तेल पुरतं तापलेलं नव्हतं, मोहरी तळाशी मुकाट बसून राहिली. घाबरून गॅस मोठा केला, तोवर हळद पडून गेली होती, ती काळवंडली. मग भाजी शिजते, मीठ-तिखट अगदी पुस्तकाबरहुकूम पडतं आणि तरीही ताटातल्या बटाट्याच्या भाजीला एकाच वेळी कच्चट आणि करपट असा विचित्र वास येतो. दोष कृतीला दिला जातो आणि पुढच्या रविवारी दुसरी कृती शोधली जाते.

घरच्या स्वयंपाकातल्या बहुतेक फजित्या याच जातीच्या. जिन्नस बरोबर असतात, प्रमाणही फारसं चुकलेलं नसतं. चुकतो तो क्रम, नाहीतर आच, नाहीतर पाणी. नेमक्या याच गोष्टी कागदावर उतरवायला सगळ्यात अवघड, त्यामुळे कृती लिहिणारे ‘अंदाजे’, ‘चवीपुरतं’, ‘तांबूस होईपर्यंत’ असं म्हणून सुटका करून घेतात. पुढच्या पानांत नवे पदार्थ फारसे सापडणार नाहीत. रोजचा वरण-भात, पोळी-भाकरी, भाजी-आमटी करताना कशाकडे डोळा, कान आणि नाक ठेवायचं आणि ते का, एवढाच त्यांचा विषय.

मराठीतल्या छापील पाकशास्त्राला आता दीडशे वर्षं झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं. पण घरोघरी पोचण्याचा मान १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा. तिच्या यशाचं एक कारण अगदी साधं आहे. स्वयंपाकघरात तराजू नसतो, वाटी-चमचे असतात, हे ओळखून त्यांनी प्रमाणं वाटी-चमच्यांत दिली. आईच्या हाताखाली शिकायची संधी न मिळालेल्या, लग्न होऊन किंवा नोकरीसाठी दूर गेलेल्या कितीतरी जणांच्या सामानात हे पुस्तक गेलं.

वाटीच्या मापात एक मेख मात्र आहे, आणि ती अनुभवी लोकांच्याही लक्षात येत नाही. वाटीला वाटी असेल तोवर वाटी कोणतीही चालते: एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तूप. कोणाची वाटी लहान तर शिरा कमी होईल, बिघडणार नाही. पण त्याच कृतीत ‘दोन वाट्या पीठ, एक चमचा मीठ’ आलं की हिशेब हलतो. घरातली वाटी मोठी असेल आणि चमचा मात्र सगळीकडचा तोच, तर पीठ वाढतं, मीठ वाढत नाही. त्यातून मीठ बारीक की जाडं, यानंही फरक पडतो. जाड्या मिठाच्या खड्यांमध्ये हवा राहते, त्यामुळे तोच चमचा बारीक मिठाचा भरला तर वजनानं कितीतरी जास्त मीठ पडतं. ‘मीठ चवीपुरतं’ लिहिणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून ते आकडा टाळतात. या एका बाबतीत तरी त्यांना आळशी म्हणता येणार नाही.

आता फोडणी जरा जवळून बघू. तेल तापलं का हे पाहायला धूर निघायची वाट बघायची नसते. मोहरीचा एक दाणा टाकायचा. तो लगेच फुटला तर बाकीची मोहरी टाकायची, नुसता बुडबुडे सोडत पडून राहिला तर थांबायचं. दाण्यातल्या जराशा ओलाव्याची वाफ होते, साल ती कोंडून धरतं आणि मग फुटतं. तेल कोमट असेल तर वाफ सावकाश निसटते आणि दाणा न फुटताच भाजत, कडवट होत राहतो. मोहरीची तडतड ओसरू लागली की जिरं, त्यामागून हिंग. हिंगातली गंधकाची द्रव्यं कच्ची असताना नाक मुरडायला लावतात, गरम तेलात त्यांचाच वास कांदा-लसणाच्या अंगानं जातो. हळद शेवटाकडे, कारण ती पूड आहे आणि काही सेकंदांत करपते. मग ती सरळ भाजीवरच का टाकू नये? कारण तिचा रंग पाण्यात धड उतरत नाही, तेलात उतरतो. लाल तिखटाचंही तेच. मिसळीच्या कटावर जो लालभडक तवंग येतो, तो तेलात उतरलेला मिरचीचा रंगच असतो. म्हणून तिखट तेलात पडायला हवं, पण गॅस बंद करून, आणि लगेच त्यावर कांदा, टोमॅटो किंवा पाण्याचा हबका यायला हवा. ओल्या जिनसामुळे तेलाचा ताव झटकन उतरतो आणि फोडणी जिथल्या तिथं थांबते.

यावरून एक साधी शिस्त निघते. गॅस पेटवण्याआधी भाजी चिरलेली हवी आणि मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडं हवं. फोडणी अर्ध्या मिनिटाचा खेळ आहे. तेवढ्यात हिंगाची डबी शोधत बसणाऱ्याला कोणतीही कृती वाचवू शकत नाही.

हिंगाच्या डबीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकावी. आपल्याकडे इतका हिंग खपतो, पण २०२० साली हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात प्रायोगिक लागवड सुरू झाली तोवर तो देशात पिकवला जात नव्हता. अफगाणिस्तान, इराण, मध्य आशियातून आलेला कच्चा राळेसारखा हिंग इथं गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळून बांधला जातो. हे मिश्रण प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळे ‘चिमूटभर हिंग’ हे माप डबी बदलली की बदलतं, आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचलेली बरी.

पाण्याच्या बाबतीत ‘अंदाजे’ हा शब्द सगळ्यात जास्त छळतो. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी हे पाठ केलेलं माप घरी चारजणांना चालतं. सत्यनारायणाला वीसजण आले, तांदूळ पाचपट घेतले, पाणीही पाचपट घातलं आणि भात गिच्च झाला. का? तांदूळ स्वतः जेमतेम आपल्या मापाइतकं किंवा थोडं जास्त पाणी पितो. बाकीचं वाफ होऊन जातं, आणि किती वाफ होणार हे भांड्याचं तोंड, झाकण आणि वेळ यांवर ठरतं. तांदूळ पाचपट झाले म्हणून वाफ पाचपट होत नाही. मोठ्या पातेल्यात वाटीमागे पाणी कमी लागतं ते यामुळे. उघड्या पातेल्यात जास्त, कुकरच्या डब्यात कमी, आणि जुन्या तांदळाला नव्यापेक्षा जास्त. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर मुळातच मऊ, चिकटसर होणारा. त्याच्याकडून बिर्याणीच्या सुट्या शिताची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. तूप घालून खायचा गुरगुट्या भात, मेतकूट-भात, सांडगी मिरचीबरोबरचा दहीभात, ही त्याची खरी जागा.

डाळीचं दुखणं निराळं. डाळ शिजत नाही, तेव्हा पहिला संशय मिठावर घेतला जातो. तो बहुतांशी खोटा. खरे गुन्हेगार तीन: जड पाणी, आंबट आणि वय. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं आम्लही पेक्टिन विरघळू देत नाही. आमटीत चिंचेचा कोळ डाळ घोटून झाल्यावरच घालायचा ही आज्यांची रीत त्यामुळे शास्त्राला धरून आहे. तीच गोष्ट बटाट्याची. टोमॅटोच्या रश्शात कच्च्या बटाट्याच्या फोडी टाकल्या तर त्या तासभर दाताखाली करकरत राहतात. कडधान्य उन्हाळ्या-पावसाळ्यातून वर्ष-दोन वर्षं डब्यात राहिलं असेल तर कितीही भिजवलं तरी त्यातले काही दाणे दगडासारखे उरतात. या गणंगांवर इलाज नाही, ते वेचून टाकायचे आणि पुढच्या वेळी कडधान्य थोडं-थोडं आणायचं. पाणी फारच जड असेल तर डाळीपुरतं फिल्टरचं पाणी वापरावं. चिमूटभर सोडा घातला तर काम होतं, पण जरा जास्त पडला की साबणाची चव येते आणि काही जीवनसत्त्वंही जातात.

राजम्याबद्दल मात्र खबरदारी घ्यायला हवी. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. अर्धवट शिजलेले थोडे दाणेही उलट्या-जुलाब करायला पुरे. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून शिजवला की भीती नाही, आणि कुकरमध्ये तर नाहीच. मंद तापणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकून दिवसभर सोडून देणं हे मात्र धोक्याचं, कारण तिथं पाणी उकळीपर्यंत पोचतंच असं नाही.

कुकरचं तत्त्व जुनं आहे. फ्रेंच संशोधक दनी पापँ यानं दाबाखाली शिजवण्याचं भांडं १६७९ साली दाखवलं होतं. भारतीय घरांत कुकर रुळला तो बराच नंतर. हॉकिन्स कंपनीची स्थापना १९५९ ची. कुकरमधला दाब वाढला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं आणि तूरडाळ, जिला एरवी पाऊण तास लागला असता, ती दहा-पंधरा मिनिटांत मऊ होते. पण मराठी घरांत कुकरचं घड्याळ शिट्ट्यांवर चालतं आणि इथंच घोळ होतो. मोठ्या आचेवरच्या तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, लहान आचेवरच्या तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागू शकतात. काही कुकर तर शिट्टी देण्यात मुळातच कंजूष. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून मिनिटं मोजणं, हे शिट्ट्या मोजण्यापेक्षा कितीतरी भरवशाचं. गॅस बंद केल्यावर आपोआप दाब उतरण्याची दहा मिनिटंही शिजण्यातच धरायची असतात. कुकर नळाखाली धरून लगेच उघडणाऱ्यांची डाळ म्हणूनच अर्धीकच्ची राहते. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे तिथं कुकरच्या बरोबर उलट अनुभव येतो. महाबळेश्वरात पाणी साधारण ९५-९६ अंशांना उकळतं, लेहमध्ये ८८ च्या आसपास. त्या थंड उकळीत डाळ शिजवायला बसणाऱ्याला कुकरची किंमत कळते.

आणि आता भाकरी. मराठी स्वयंपाकात हाताची परीक्षा घेणारी हिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही, कारण ज्वारीत गव्हासारखा चिवट ग्लुटेन नाही. गव्हाची कणीक भिजवून वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवली की ग्लुटेनचं जाळं आपलं आपण बांधलं जातं, कणीक लवचीक होते. पोळी लाटताना आक्रसून मागे येत असेल तर दोष लाटण्याचा नसतो, कणकेला विश्रांती मिळालेली नसते. ज्वारीच्या पिठाला अशा विश्रांतीचा काहीएक उपयोग नाही, उलट ते ठेवलं की खराबच होतं. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, मळायचं, लगेच थापायचं. पिठाला धरून ठेवणारी गोष्ट एकच: गरम पाण्यानं फुगलेलं त्याचं पिष्ट. ७० अंशांच्या आसपास पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. पीठ ताजं असेल तर कोमट पाण्यावरही भागतं. दळून महिना झाला, पिठाची विरी गेली की भाकरी थापतानाच कडेला फाटू लागते. तेव्हा उकळतं पाणी ओतून पीठ थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रगडून मळायचं. नुसतं बोटांनी कालवलेलं पीठ कितीही पाणी घातलं तरी एकजीव होत नाही.

थापल्यावरही अर्धं काम उरतंच. भाकरी तव्यावर टाकताना खालची, कोरड्या पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा, काठापर्यंत. हे पाणी कशाला? वरच्या कोरड्या पिठाचा त्यानं पातळ पडदा तयार होतो आणि भाकरीच्या पोटातली वाफ तोच पडदा कोंडून धरतो. पाणी पुरतं वाळायच्या आत, पृष्ठभाग अजून किंचित ओलसर असताना उलटायची. उशीर झाला की पडद्याला भेगा पडतात, वाफ त्यातून निसटते आणि मग भाकरी आचेवर धरली तरी फुगत नाही. तवा नीट तापलेला नसेल तर पाणी आत मुरतं, भाकरी गिचगिचीत होते आणि तव्याला धरते. दुसरी बाजू पुरती भाजू द्यायची, मग तवा बाजूला सारून पहिली बाजू थेट आचेवर. टम्म फुगली की पापुद्रा सुटला. सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी असेल तर हे सगळं सोपं जातं. संकरित ज्वारीच्या पिठाबरोबर थोडी झटापट ठरलेली.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांची भाकरी-पोळी बिघडते तिचं कारण पुष्कळदा विजेच्या शेगडीत असतं. गॅस बारीक केला की आच त्या क्षणी उतरते. विजेची तापलेली कॉइल बटण फिरवल्यावरही कितीतरी वेळ तशीच धगधगत राहते. तिथं आच कमी करण्याचा खरा उपाय म्हणजे तवा उचलणं, किंवा दोन कॉइल वेगवेगळ्या तावावर ठेवून तवा इकडून तिकडे सरकवणं.

भाजणं, तळणं आणि पाक करणं ही आचेची कामं, आणि इथं नाक हेच मुख्य यंत्र. खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो तिचं वर्णन लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली केलं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर तापून एकमेकांशी जुळतात, त्यातून शेकडो नवे गंध आणि तांबूस रंग तयार होतात. ही क्रिया १४० अंशांच्या पुढं जोर धरते, आणि जिथं पाणी आहे तिथं तापमान शंभराच्या वर जात नाही. म्हणून ओला कांदा आधी घाम सोडतो, मऊ होतो, पारदर्शक होतो आणि पाणी आटल्यावरच रंग धरू लागतो. पाच मिनिटांत कांदा तांबूस होतो असं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. वाटणासाठी चार कांदे नीट परतायला वीस मिनिटं सहज जातात. खोबऱ्याचं उलट आहे. त्यात तेल भरपूर आणि पाणी कमी, त्यामुळे सुक्या खोबऱ्याचा कीस बघता बघता काळा पडतो. दोन्ही एकदम कढईत टाकले की एक कच्चं आणि एक जळालेलं मिळणारच. रवा, दाणे, भाजणीची डाळ यांना गॅस बंद केल्यावरही कढईची धग लागत राहते. हवा तो रंग यायच्या किंचित आधी ते ताटात काढून पसरावं.

पाकाच्या तारांचं गणित ऐकायला गूढ वाटतं, पण त्यात गूढ काही नाही. साखरेचं पाणी आटत जातं तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो, आणि बोटांमधली तार ही त्या तापमानाची खूण. एकतारी पाक साधारण १०५ ते ११० अंशांवर, गोळीबंद ११५ ते १२० च्या दरम्यान. चिक्कीचा पाक १४५ च्याही पुढं जातो, म्हणून त्याचा थेंब गार पाण्यात टाकून ताटावर आपटला तर खडा पडल्यासारखा वाजतो. हजारभर रुपयांचा तापमापक आणायला हरकत नाही, पण त्याची दांडी पाकात पुरेशी बुडायला हवी, आणि पाव किलो रव्याच्या लाडवांच्या पाकात ती बुडत नाही. तिथं बोटंच बरी.

दिवाळीतला अनारसा या सगळ्या परीक्षा एकदम घेतो. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, रोज बदललेलं पाणी, मग निथळून कुटलेलं दमट पीठ आणि गूळ. तुपात सोडल्यावर जर तो जाळी पडण्याऐवजी विरघळून पसरला, हसला, तर बहुधा गूळ जास्त झालेला असतो किंवा तूप मंद तापलेलं. उपाय घरोघरी ठरलेला आहे: पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळून, एक दिवस मुरू देऊन, आधी एकच अनारसा तळून बघायचा. एकच तळून बघायची ही सवय चकलीलाही लागू. चकली सोऱ्यातून पडतानाच तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालं, आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर घाईनं मोठ्या आचेवर तळली गेली, आतलं पाणी आतच राहिलं. कढईतल्या तेलाचे बुडबुडे शांत होऊ लागले की चकलीतलं पाणी संपत आलं असं समजावं. यापेक्षा खात्रीची खूण घड्याळात नाही.

पुरणाची खूणही अशीच जुनी आणि अचूक: कढईतल्या पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे. ते कलंडलं तर पोळी फुटणार.

फाटणं-फुटणं हा निराळा वर्ग. ताकाची कढी फुटते कारण उष्णतेनं दुधातलं केसिन एकमेकांना चिकटून गुठळ्या करतं. बेसन आधी ताकात नीट घुसळून घेतलं तर त्याचं पिष्ट या कणांच्या मध्ये येतं. मंद आच, पहिला कढ येईपर्यंत एकसारखं ढवळणं आणि मीठ उतरवताना, एवढं पाळलं तर कढी सहसा दगा देत नाही. नारळाच्या दुधालाही खळखळती उकळी सोसत नाही, तेल वेगळं होऊन रस्सा चोथट दिसतो. गोव्यात आणि मालवणात घट्ट रस शेवटी घालून भांडं लगेच उतरवतात ते यासाठीच. मासळीचं मांस तर ६० अंशांच्या आतबाहेरच शिजून जातं, त्यातले जोडतंतू बकरीच्या मटणासारखे चिवट नसतात. सुरमईच्या तुकड्यांना सात-आठ मिनिटं पुरतात. हुमणात डाव घालून ढवळत बसलं तर तुकड्यांचा भुगा होतो, म्हणून भांड्याचे कान धरून ते नुसतं हलवायचं. मटणाला मात्र वेळच द्यावा लागतो. चिवट जोडतंतू विरघळून रस्सा दाट व्हायला तास-दीड तास मंद आच हवी, आणि कोल्हापूरच्या कितीही झणझणीत मसाल्याला त्या वेळेची भरपाई करता येत नाही.

भाज्यांपुरत्या दोन-तीन गोष्टी. कढईवर ताट झाकून ताटात पाणी ठेवायची जुनी युक्ती फार हुशारीची आहे. थंड ताटाला लागून वाफेचं पाणी होतं आणि ते भाजीवरच पडतं, त्यामुळे भाजी आपल्याच पाण्यात शिजते, करपत नाही. शिवाय मध्येच पाणी लागलं तर ताटातलं गरम पाणी तयार असतं. गार पाणी ओतून शिजण्याला खीळ बसत नाही. भेंडी आधी धुऊन पुसावी, मग चिरावी, कारण तिचा चिकटपणा पाण्यानं वाढतो, आणि परतताना आमसूल किंवा लिंबाचा थेंब त्याला आवर घालतो. पालेभाजीचा हिरवा रंग टिकवायचा असेल तर तिला झाकण घालू नये. शिजताना सुटणारी आम्लं वाफेबरोबर बाहेर गेली तर पान मळकट पडत नाही.

भांड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, लोक त्यांवर गरजेपेक्षा जास्त खर्च करतातच. बिडाचा तवा डोसे-धिरड्यांना आणि भाकरीला उत्तम. लोखंडी कढईत चिंचेची आमटी काळी पडते. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यात कल्हई नसेल तर आंबट काहीही ठेवू नये. नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर सोडून फोन घेऊ नये, अडीचशे अंशांच्या पुढं त्याचा थर खराब होऊन घातक वाफा सोडू लागतो.

उरलेल्या भाताचं मात्र ऐकून घ्यायला हवं. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजकण असू शकतात आणि ते उकळण्यानं मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते उगवतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. दोन तासांच्या आत भात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये टाकावा. यात स्वयंपाकाचाही फायदा आहे. थंडीत भाताचं पिष्ट पुन्हा घट्ट होतं, शीत सुटं होतं. सकाळी केलेल्या फोडणीच्या भाताला जो मोकळेपणा येतो तो ताज्या भाताला कधीच येत नाही.

शेवटी मीठ जास्त पडण्याचा प्रसंग, कारण तो प्रत्येकावर येतो. आमटी खारट झाली की कणकेचे गोळे किंवा बटाट्याच्या फोडी टाकायचा सल्ला हमखास मिळतो. गोळा मीठ वेचून घेत नाही. तो खारट पाणी जसंच्या तसं पितो, बाहेर उरलेली आमटी तेवढीच खारट राहते, फक्त थोडी कमी होते. गूळ आणि चिंच जरा वाढवली तर जिभेची फसवणूक होते, पण मीठ आहे तिथंच असतं. कमी करण्याचा मार्ग एकच: बिनमिठाचा ऐवज वाढवणं. आणखी थोडी डाळ शिजवून घोटून घालावी, नसेल तर पाणी. आमटी दुपटीनं वाढली तरी चिंता नाही. निम्मी तशीच जेवायला घ्यावी आणि निम्मी बाजूला ठेवावी. संध्याकाळी तिच्यात आणखी पाणी घालून उकळी आणावी, मीठ न घालता मळलेल्या कणकेची पोळी लाटून, शंकरपाळ्यांसारखी कापून, तिच्या चकोल्या सोडाव्यात. वरून तूप.